अकरा मुंग्यांचं निलंबन

चौतीस वर्षं कारखान्याच्या गेटवर टाइमकीपर म्हणून बसलेला माणूस निवृत्त होऊन घरी आला, की घरच्यांचे हाल कुत्रा खात नाही. या टाइमकीपरबद्दल तर असं सांगत, की गेटवरचं घड्याळ एकदा बंद पडलं ते दोन दिवस कोणाला कळलंच नाही. भोंगेवाला त्यांच्या तोंडाकडे बघून भोंगा वाजवायचा. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी दूधवाल्याला दोन लेटमार्क दिले. बायकोच्या आंघोळीची वेळ टिपायला घेतली, तेव्हा मात्र तिने वही खिडकीतून बाहेर भिरकावली.

अशात धाकटी लेक कॉलेजातून मुंग्या घेऊन आली.

लाकडी पाटावर दोन काचा उभ्या, मधे बोटभर माती, वर मलमलीचं फडकं. आत एक राणी आणि चाळीस काळ्या मुंग्या. प्रत्येकीच्या पाठीवर रंगाचे दोन ठिपके, आणि कोणते रंग म्हणजे कितवा नंबर याचा तक्ता सोबत. तीस दिवस, रोज चार वेळा, कोणती काय करतेय ते लिहायचं: माती उकरतेय, खाणं आणतेय, अंडी हलवतेय, की स्वस्थ आहे. या विषयात धाकटी आधीच एकदा गटांगळी खाऊन बसली होती. आता हा प्रकल्प गेला, की वर्ष गेलं.

“दिवसभर मी कॉलेजात,” ती म्हणाली. “बाबा, तुम्ही लिहाल?”

“आंधळा मागतो एक डोळा,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “आणि यांना चाळीस मिळाले!”

“फक्त बघायचं आणि लिहायचं. हात लावायचा नाही, बाबा.”

“गेटवर मी कधी कोणाला हात लावला?” टाइमकीपर म्हणाले आणि पट्टी शोधायला उठले.

त्यांनी आखलेलं मस्टर बघून सरकारी छापखाना लाजला असता. दहा, बारा, दोन आणि चार. भिंग घेऊन ते काचेला नाक लावून बसत, आणि भिंगातून तो डोळा दिसला की मुंग्या पळत सुटत, असं आईचं म्हणणं. पण नोंद चोख. आठवड्याभरात त्यांना चाळीसही जणी ठिपके न बघता चालीवरून ओळखू यायला लागल्या. आणि तिथेच सगळं बिघडलं.

“सोळा नंबर दहाला भिंतीला टेकून उभी,” ते जेवताना म्हणाले. “बाराला तिथेच. चारला मिशा पुसत होती! आणि सात नंबर बिचारी मातीचे गोळे उचलून उचलून अर्धी झाली.”

“असतात तशा, बाबा. लिहा आणि सोडून द्या.”

“अशा अकरा आहेत.”

“अहो, रिटायर तुम्ही झालात,” आई म्हणाली. “मुंग्यांना काय ते त्यांचं करू द्या.”

पण जित्याची खोड. एकोणिसाव्या दिवशी, दहाची नोंद झाल्यावर, टाइमकीपरांनी रंगाचा जुना ब्रश ओला केला, मलमल उचलली आणि त्या अकरा जणींना एकेक करून कॉफीच्या रिकाम्या बाटलीत घातलं. झाकणाला भोकं पाडली. कापसावर साखरपाणी ठेवलं, कारण निलंबनाच्या काळात निर्वाहभत्ता द्यावाच लागतो. मग अकरा नंबरांपुढे लाल शाईने लिहिलं: निलंबित.

धाकटी दर शनिवारी मस्टरवरून पक्क्या वहीत उतरवून घ्यायची. त्या शनिवारी तिचं पेन मधेच थांबलं.

“बाबा, निलंबित म्हणजे?”

त्यांनी कपाटावरची बाटली काढून दाखवली. जराशा अभिमानानेच.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. “मॅडमची अट होती, बाबा. चाळीस म्हणजे त्याच चाळीस, तीस दिवस. तीन दिवस गेले यांचे!”

“त्यांचे नाही गेले. त्या काही करतच नव्हत्या.”

“तेच म्हणते मी,” आईने हात पुसत तोडगा काढला. “तीन दिवस ‘स्वस्थ’ लिहून टाक. बघायला कोण आलंय?”

टाइमकीपर ताडकन उभे राहिले. “नसलेल्याला हजर लावायचं? माझ्या मस्टरमध्ये?”

“मस्टर तुमचं असेल. वर्ष माझं आहे,” धाकटी म्हणाली. ओरडली नाही. पेन टोपणात घातलं आणि तोंड फिरवून बसली.

गेटवर त्यांनी शेकडो लोकांच्या नावापुढे लाल शाई लावली होती. पण ती माणसं संध्याकाळी आपापल्या घरी जायची. त्यांची पाठ टाइमकीपरांना जेवायच्या टेबलापाशी कधी दिसली नव्हती. त्यांनी बाटली उचलली आणि अकरा जणींना परत मातीत सोडलं. बाकीच्या धावत आल्या, मिशांनी चाचपून बघितलं आणि कामाला लागल्या. सोळा नंबर तडक आपल्या भिंतीला जाऊन टेकली.

सोमवारी इस्त्रीचा सदरा घालून, मस्टर काखेत मारून, ते धाकटीच्या आधी कॉलेजात हजर होते.

“मॅडम, चूक माझी,” त्यांनी दारातूनच सांगितलं. “पोरीचं वर्ष घालवू नका.”

मॅडम वयाने त्यांच्या थोरल्या लेकीएवढ्या. त्यांनी सगळं मस्टर उलटंसुलटं वाचलं, मग तीन लाल दिवसांवर बोट ठेवलं.

“काका, त्या तीन दिवसांत बाकीच्या एकोणतीस जणींच्या नोंदी बरोबर आहेत?”

“माझ्या नोंदी?” टाइमकीपर एवढंच म्हणाले.

“नाही, कारण इथे सात, बावीस, तेवीस आणि छत्तीस दुसऱ्या दिवसापासून स्वस्थ दिसतात. आधी कधी बसल्या होत्या?”

“सात नंबर? एकदाही नाही. मला वाटलं, संगतीचा परिणाम.”

“संगत तर तुम्ही बाटलीत भरली होती.”

 टाइमकीपर खुर्चीत बसले.

“बसणाऱ्या काढल्या की दुसऱ्या बसतात, असं एका घरट्यावरून मी म्हणणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “पण खोटं लिहिलं असतंत तर हे दिसलंच नसतं. चाळीसही परत आल्यात ना? मग उरलेले दिवस पुरे करा. तीन दिवसांचं आहे तसं राहू दे. आणि हात कोणी लावला, कशासाठी लावला, ते तुमच्या सहीनं जोडा.”

त्या एका पानावर टाइमकीपर दोन दिवस बसले. शेवटी तीन ओळी उरल्या. त्यातली एक अशी: सदर कृत्य माझ्याकडून सवयीने घडले असून त्यात मुंग्यांचा काहीही दोष नाही.

तोंडी परीक्षेच्या दिवशी धाकटी दुपारी घरी आली आणि चपला भिरकावून धपकन बसली.

“बाहेरच्या परीक्षकांनी तुमचं पान दोनदा वाचलं. मग विचारलं, परत का घेतल्या? मी म्हटलं, त्यांच्या जागी दुसऱ्या चार जणी बसल्या, सर.”

“मग?”

“हसले. पास केलं.”

आईने देवाचं नाव घेतलं. टाइमकीपरांनी मान वळवली. टेबलावर ज्या जागी काचा असायच्या तिथे आता नुसताच पाट होता.

“मुंग्या कुठायत?”

“कॉलेजच्या कुंपणापाशी सोडल्या. जिथून आणल्या होत्या तिथेच.”

“चाळीसच्या चाळीस?”

“मोजल्या नाहीत, बाबा.”

टाइमकीपरांनी भिंग सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि ते चपला शोधायला लागले.