धुराची छत्री

आपल्या हातून जगाचं वाटोळं झालं आहे, हे चिमणीसाहेबांना न्हाव्याच्या खुर्चीत कळलं. तोंडाला साबण फासलेला आणि गळ्याशी वस्तरा असला की माणूस समोरच्याचं म्हणणं फार शांतपणे ऐकून घेतो. साहेबांनीही घेतलं.

"रागावू नका साहेब," न्हावी म्हणाला, "पण हा उन्हाळा तुमच्यामुळे आहे."

साहेब कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रात चिमणीचे प्रमुख होते. म्हणून गाव त्यांना चिमणीसाहेब म्हणे. त्यांचं खरं नाव बायकोला ठाऊक असावं, पण ते घ्यायची सवय तिलाही नव्हती. मागे काही वर्षं वरिष्ठांच्या हात धुऊन पाठी लागून साहेबांनी केंद्रात एक यंत्रणा बसवून घेतली होती. चिमणीत शिरण्याआधी धूर तिच्यातून जायचा, तिथे त्याच्यावर चुन्याच्या पाण्याचा फवारा बसायचा, आणि गंधक, राख, काजळी सगळं खाली उतरायचं. गावानं तिचं नाव ठेवलं न्हाणीघर. धूर काळाकुट्ट आत जाई आणि लग्नाला निघाल्यासारखा पांढरी वाफ होऊन बाहेर येई. दोरीवरचे कपडे वाळेपर्यंत पांढरे राहू लागले. आभाळ निळं असतं ही पुस्तकातली गोष्ट गावातल्या मुलांना पहिल्यांदा पटली.

आणि मग ऊन वाढलं.

"धूर होता तोवर डोक्यावर छत्री होती," न्हावी म्हणाला. "घाण होती, पण छत्री होती. तुम्ही ती मिटलीत. हनुवटी वर करा."

साहेबांनी हनुवटी वर केली. एरवी त्यांनी असल्या बोलण्याला भीक घातली नसती, पण गेले दोन उन्हाळे नेमकी हीच शंका त्यांच्याही मनात घर करून होती. आणि न्हाणीघर ही त्यांच्या दृष्टीनं नुसती यंत्रणा नव्हती.

त्यांच्या बायकोला दम्याचा जुना त्रास. धुराच्या दिवसांत तिला भांडणसुद्धा हप्त्याहप्त्यानं करावं लागे. "तुम्हाला," म्हणून ती थांबायची. दम घ्यायची. "किती वेळा," म्हणायची. पुन्हा थांबायची. तेवढ्यात साहेबांचा बचाव तयार असे. न्हाणीघर सुरू झालं, आणि एके सकाळी तिनं पलंगावरचा ओला टॉवेल, उघडा राहिलेला नळ आणि सासरची तीन माणसं एका श्वासात निकालात काढली. साहेब दारात उभे राहून ऐकत राहिले. त्यांचे डोळे भरून आले.

"रडायला काय झालं?" ती म्हणाली. "अजून मी सुरुवातच केली नाही."

तर अशा न्हाणीघराविषयी कोणी म्हणतंय, की त्यानं जग तापवलं. साहेब अर्ध्या दाढीनं नाही, पण अर्ध्या जिवानं उठले आणि थेट मेहुणीच्या कचेरीत गेले. मेहुणी हवामान खात्यात होती. उन्हाळ्यात लोक तिच्याशी असे बोलत, जणू ऊन तीच सोडते.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"ताईशी भांडण झालं असेल तर मी तिच्या बाजूनं आहे, दाजी."

"ते नाही ग. धूर ऊन अडवतो का?"

मेहुणीनं चष्मा काढला. "अडवतो. गंधकाच्या धुराचे बारीक कण ऊन वरच्या वर परत फेकतात, ढगांनाही जास्त पांढरे करतात. काजळीचं उलटं, ती ऊन पिऊन तापते. पण सगळा हिशेब मांडला तर धुरानं जग थोडं गार ठेवलं होतं, हे खरं आहे. आता जगभर धूर कमी होतोय. जहाजांचा, कारखान्यांचा. मग अडलेलं ऊन खाली येतं."

साहेबांनी खुर्ची ओढली. बसल्यावर त्यांना बरं वाटलं असं नाही, पण पडण्याची भीती गेली.

"म्हणजे न्हावी म्हणतो ते बरोबर."

"निम्मं. उष्णता कोंडून धरणारा कर्बवायू त्याच कोळशातून, त्याच चिमणीतून निघतो की नाही? तुमचं न्हाणीघर तो धरतं?"

"नाही. तो दिसत नाही, वास नाही, धुवून जात नाही."

"तोच तर उन्हाळा. धूर आठवड्याभरात पावसाबरोबर खाली येतो. तो वायू तुमच्या पणतवंडांच्या पणतवंडांना भेटून जाईल. उष्णता त्यानं वाढवली, धुरानं ती झाकली, तुम्ही झाकण काढलं. आत शिजत होतं ते तुम्ही नाही शिजवलं." ती थांबली. "म्हणजे शिजवलंत, पण न्हाणीघरानं नाही."

"पण झाकण मी काढलं. जगाचं—"

मेहुणी इतकी हसली की बाहेरचा शिपाई पाणी घेऊन आला. "दाजी! जगात चिमण्या किती, आणि तुमची एक! त्या एकीला आंघोळ घातल्यानं जग जेवढं तापलं, तेवढं मोजणारं यंत्र माझ्याकडेच काय, कोणाकडेच नाही."

साहेबांच्या छातीवरची शिळा उतरली. जिना उतरताना मात्र त्यांना थोडा अपमान वाटला. माणूस जन्मात एकदा जगाच्या इतिहासात डोकावतो, आणि मेहुणी दार लावून घेते.

तो दिलासा चार दिवसही टिकला नाही. न्हाव्याची छत्री गावभर फिरली, आणि फिरत फिरत नगरपालिकेत पोचली. नगराध्यक्षांनी ठराव मांडला : उन्हाळ्यापुरतं न्हाणीघर बंद ठेवावं, धूर बगलेच्या नळीतून सरळ चिमणीत सोडावा, गावाला सावली मिळावी. अशी नळी होतीच. न्हाणीघराची दुरुस्ती निघाली तर लागते म्हणून ठेवलेली, आणि तिच्या तोंडावर एक लोखंडी झडप. केंद्राचे व्यवस्थापक म्हणाले, जनतेच्या इच्छेपुढे आमचं काही नाही. जनतेची इच्छा आणि चुन्याची बचत एकाच दिशेला असली की व्यवस्थापकांना लोकशाही फार आवडे.

आधी एक दिवस प्रयोग करून पाहायचं ठरलं. गार झालं तर ठराव मंजूर. झडप अर्थातच साहेबांनी उघडायची.

"एका दिवसात काही कळत नाही," मेहुणी फोनवर ओरडली. "एका गावानं तर नाहीच!"

"हे अध्यक्षांना सांग."

"सांगितलं. ते म्हणाले, विज्ञान प्रयोगावरच चालतं ना?"

घरी साहेबांनी बायकोपुढे विषय काढला. "प्रयोगाच्या दिवशी तू बहिणीकडे जा. संध्याकाळी ये."

"मी का जाऊ? घर माझं आहे. धुराला जाऊ दे."

"धूर ऐकत नाही ग."

"तुम्ही तरी कुठे ऐकता? तुम्हाला ठेवलंच ना."

बाई हलल्या नाहीत. साहेबांनी खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबली, फवाऱ्याचं औषध उशाशी ठेवलं, आणि फाशी द्यायला निघालेल्या माणसाच्या चेहऱ्यानं कामावर गेले. त्यांनी स्वतःच्या हातानं झडप उघडली. नळीत धडधड झाली. मग ते बिनखिडक्यांच्या खोलीत काटे बघत बसले. चिमणीकडे बघायची त्यांची छाती झाली नाही.

गाव मात्र चौकात लोटलं होतं. नगरपालिकेच्या भिंतीवर तापमानाची विजेवरची पाटी होती, तिच्याखाली माणसं माना वर करून उभी. दुपारी न्हाव्याचा फोन आला.

"साहेब! पारा तीन अंश उतरला! लोकांनी मला खांद्यावर घेतलंय, उंचावरून बोलतोय!"

साहेबांनी फोन ठेवला. संपलं. आता दर उन्हाळ्यात झडप, दर उन्हाळ्यात बायकोच्या छातीतली शिट्टी. त्यांनी घरचा नंबर फिरवला.

"खिडक्या बंद आहेत ना?"

"सताड उघड्या आहेत," बायको म्हणाली. "काय गार वारा सुटलाय म्हणून सांगू! आणि ती फडकी माझ्या चांगल्या चादरीची होती, फाडण्याआधी माणूस विचारतो, निदान कपाटातली जुनी कुठली ते तरी—"

"थांब, थांब. वास? धुराचा वास?"

"कसला वास?"

साहेब फोन तसाच टाकून बाहेर धावले, लोखंडी जिना चढून मधल्या फलाटावर गेले, आणि मग त्यांनी चिमणीकडे पाहिलं. धूर काळा होता, भरपूर होता, पण गावाकडे त्याची पाठ होती. सकाळी वाऱ्यानं दिशा बदलली होती. गार वारा पलीकडून आला, गावावरून गेला, आणि जाता जाता सगळा धूर उचलून नदीपार घेऊन गेला. गावावर त्याचं बोटभरही सावट पडलं नव्हतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते म्हणतात. इथे कावळा दुसऱ्याच झाडावर बसला होता. चौकातल्या एकालाही ते दिसलं नाही, कारण सगळे पाटी बघत होते.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. पण लगेच मनात आलं, हे सभेत मी सांगितलं तर कोण मानणार? न्हाणीघर माझं, वकिली माझी.

दुसऱ्या दिवशी सभागृहात बसायला जागा नव्हती. अध्यक्षांनी ठराव वाचायला घेतला आणि दार उघडून त्यांचे सासरे आत आले. सासरे नदीपार राहत. त्यांच्या हातात टोपली होती. त्यांनी ती अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली, झाकण काढलं आणि आतून एक राखाडी मांजर बाहेर आलं.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "हे काल सकाळी पांढरं होतं."

सभागृह मांजराकडे पाहू लागलं. मांजर ठरावावर बसलं आणि पाय चाटू लागलं, मग चव कळल्यावर थांबलं.

"माझी अंथरुणं काळी, फुलं काळी, आणि तुमच्या सासूबाई कालपासून खोकतायत. त्या खोकायच्या थांबल्या की तुमच्याशी बोलणार आहेत."

अध्यक्षांचा चेहरा मांजराच्या रंगाचा झाला. "म्हणजे धूर... आमच्याकडे आलाच नाही?"

"सगळा माझ्याकडे होता. आणि गारवा तुमच्याकडे."

हशा उसळला. ठराव तिथेच कोसळत होता. साहेबांनी फक्त गप्प बसायचं होतं. पण मागच्या रांगेत मेहुणी होती, आणि ती त्यांच्याकडे बघत होती. साहेब नाइलाजानं उठले.

"एक सांगायचंय. काल धूर आला नाही, म्हणून तो ऊन अडवत नाही असं सिद्ध होत नाही. अडवतो. न्हावीदादा निम्मं खरं बोलले."

व्यवस्थापक आशेनं पुढे सरकले. साहेबांना वाटलं, हात दाखवून अवलक्षण केलं. पण आता मागे फिरता येत नव्हतं.

"पण उष्णता कोंडतो तो वायू वेगळा. तो दिसत नाही, त्याच चिमणीतून निघतो आणि पिढ्यान्‌पिढ्या वर साठत राहतो. धूर आठवड्यात गळून पडतो. म्हणजे साठणारी उष्णता नुसती झाकायची तरी दर वर्षी धूर वाढवत न्यायला हवा. आणि तो श्वासातून आत घ्यायचा."

न्हावी सावकाश उठला. त्याच्या चेहऱ्यावर धंद्यातली गोष्ट कळल्याचा प्रकाश होता.

"अहो, हे तर टकलावर भांग वळवण्यासारखं झालं! टक्कल दर वर्षी वाढतं, झाकायचे केस दर वर्षी जास्त लागतात. कानावरून घ्या, मानेवरून घ्या. शेवटी एक दिवस वारा येतो." एवढं बोलून त्याची नजर अध्यक्षांच्या डोक्यावर गेली. तिथला भांग डाव्या कानापासून निघून उजव्या कानापर्यंत मुक्कामाला येत असे, आणि तो रोज सकाळी न्हावीच बसवत असे. "म्हणजे... काहींना शोभतं," तो म्हणाला आणि खाली बसला.

अध्यक्षांचा हात नकळत डोक्याकडे गेला. ठराव नामंजूर झाला, असं ते शक्य तितक्या हळू म्हणाले. मग कपाळाला आठ्या घालून त्यांनी विचारलं, "पण तो न दिसणारा वायू? त्याचं काय? जे दिसत नाही, त्यावर ठराव कसा करायचा?"

"जावईबापू, तुमची अक्कलही दिसत नाही," सासरे मांजर टोपलीत भरत म्हणाले. "तरी आम्ही मुलगी दिली."

कोळसा कमी जाळण्याला दुसरा उपाय नाही, असं मेहुणीनं सांगितलं. केंद्राची सगळ्यात जुनी भट्टी आधी बंद करायची मागणी एकमतानं झाली. व्यवस्थापकांना या वेळी लोकशाही तितकीशी आवडली नाही. पण टोपली अजून टेबलावर होती.

बगलेच्या नळीची झडप कायमची बंद करायचं काम त्याच आठवड्यात निघालं. वेल्डरनं काळी काच तोंडावर ओढली, ठिणग्या उडाल्या, आणि झडपेची कड हळूहळू नळीशी एकजीव होत गेली. साहेब लोखंडी पायरीवर बसून पाहत होते.

"साहेब, आणि पुढे कधी उघडायची झाली तर?"

"दुरुस्ती निघाली तर भट्टी बंद ठेवू. मला त्या दिवशी सुट्टी मिळेल."

वेल्डर हसला आणि पुन्हा कामाला लागला. थोड्या वेळानं त्यानं काच वर करून पाहिलं, तर साहेब कठड्याला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून, नोकरीत पहिल्यांदाच ड्युटीवर गाढ झोपले होते. त्यानं उरलेलं काम होईल तितक्या कमी आवाजात केलं.