पिवळे बिल्ले

रहिमतपूरच्या मोकळ्या रानात धुकं उतरलं की आपली मेंढरं भुईवर चालतात की हवेत, हेच अर्जुनाला उमगत नसे. दिवाळी सरली की दुष्काळी मुलूख सोडून तो इकडे यायचा आणि बागायतदारांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा. चालता चालता डोळा लागायचा, पाय आपले चालत राहायचे.

यंदा मानसिंगदादांनी त्याच्या वीस मेंढ्या मागून घेतल्या, फोटोपुरत्या. सरकार गरिबांना मेंढ्या घ्यायला पैसे वाटत होतं आणि तीस एकर उसाचे धनी दादा त्या यादीत गरीब होते. ज्याच्या हाती ससा तो पारधी, दुसरं काय! "म्होरच्या यादीत तुजं नाव घालतो गड्या," दादा म्हणाले. मेंढ्यांच्या कानात नंबराचे पिवळे बिल्ले ठोकले गेले.

"आवं, ह्ये कशापायी?" बायको हरणाबाईनं विचारलं. अर्जुना हसला. कानाला कापलेला चिरा कुणाचा, त्यावरनं मेंढरू कुणाचं, हे बारा गावचे धनगर सांगत. बिल्ल्याला कोण विचारतो?

आज दादांच्या गोठ्यावर तपासणीचे साहेब आले. अर्जुनानं हात जोडले, "दादा, फोटो झाला. माजी मेंढरं सोडा."

"तुजी कसली रं? नंबर माज्या नावावर हायती."

अर्जुना साहेबांकडे वळला. "सायेब, कानाचा चिरा बगा की!"

"चिऱ्याचा कागद आहे का?"

कागद कुठला असणार? अर्जुनानं जीभ टाळ्याला लावून हाक घातली. वीसच्या वीस मेंढ्या गोठ्याचं फाटक लोटून आल्या आणि त्याच्या गुडघ्यांना ऊबदार अंगं घासत उभ्या राहिल्या. घटकाभर त्याला वाटलं, न्याय असाच चालत येत असेल.

साहेब खूश झाले. "मानसिंगराव, गडी चांगला ठेवलाय. नाव काय रे तुझं?" अर्जुनानं बापाच्या नावासकट मोठ्यानं सांगितलं. साहेबांनी लिहिलं. चौथी शिकलेल्या हरणाबाईनं वाकून वाचलं, "राखण करणारा गडी." तिचे डोळे भरून आले.

अर्जुना काठी उचलून म्हणाला, "मंग राखण मीच करायची न्हवं? चारायला नेतो."

साहेबांसमोर दादांना नाही म्हणता येईना. मेंढरं निघाली. ओढा ओलांडल्यावर हरणाबाई कुजबुजली, "माघारी कवा न्यायची?"

"न्हाई न्यायची," अर्जुना म्हणाला. आपल्याच मेंढरांचा चोर व्हायची पाळी आली म्हणून तो रडत होता, आणि झपाझप चालत होता.