आरशाकडे तोंड केलेला कॅमेरा

मी सलूनमधला कॅमेरा बोलतोय. दारावरच्या कोपऱ्यात, धूळ खात. "कॅमेरा कधी खोटं बोलत नाही," हे तुमचं वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

मला इथे लावलं शेजारच्या मोबाइलवाल्याने. मालकाला खुर्च्याही दिसायला हव्या होत्या आणि दारही, पण कॅमेरा मात्र एकच घ्यायचा होता. मोबाइलवाला म्हणाला, "शेट, समोर भिंतभर आरसा आहे ना? त्याच्याकडेच तोंड करून लावतो. एकात अख्खं दुकान येईल." मालक खूश. तेव्हापासून मी सगळ्यांना आरशातच बघतोय. तुमचा उजवा हात मला डावा दिसतो.

सलूनमध्ये दाढ्या कमी आणि मतं जास्त. टीव्हीवर बातम्या लागल्या की तोंडाला फेस असलेले लोकसुद्धा निकाल देऊन मोकळे होतात. कुणाला भर चौकात फोडायचं, कुणाला फासावर चढवायचं, सगळं खुर्चीत बसल्याबसल्या ठरतं. या गोंधळात कधी न पडणारा एकच माणूस होता, डाव्या. डावखुरा कारागीर, म्हणून ते नाव. त्याचा डावा हात गालावरून असा फिरायचा की गिऱ्हाईक डुलक्या काढायचं. मालकाची खुर्ची रिकामी असली तरी लोक डाव्यासाठी थांबायचे.

त्या संध्याकाळी टीव्हीवर मुलांना मोबाइलबंदी करणाऱ्या कायद्याची चर्चा चालली होती. शाळेतले मास्तर डाव्याच्या खुर्चीत होते आणि मोबाइलवाला मागे बाकावर.

"कायदा व्हायलाच हवा," मास्तर म्हणाले. "आणि आधी विकणाऱ्यांना आत टाका."

"आधी घरचं बघा, मास्तर. तुमची पोरगी फोनवर तासन्‌तास कुणाशी बोलते, ते विचारा जरा."

मास्तर फेसासकट उठले आणि मोबाइलवाल्याच्या कानाखाली जाळ काढला. मग कोण कुणाला मारतंय याचा पत्ता राहिला नाही. खुर्ची आडवी झाली, बाटल्या फुटल्या, एकाचं कपाळ बेसिनच्या कडेवर आपटलं. डाव्या ढकलला जाऊन भिंतीशी पडला. मोबाइलवाल्याच्या हाती वस्तरा आला. गर्दीतून तो हात वर आला आणि त्याने मास्तरांचा गाल कानापासून हनुवटीपर्यंत फाडला. रक्त आरशावर उडालं. वस्तरा टाकून मोबाइलवाला मागे सरला. सगळ्यांच्या अंगावर रक्त होतं, त्यामुळे वार कुणी केला हे कुणालाच कळलं नाही. मास्तरांच्या तर डोळ्यांत फेस गेला होता. डाव्या मात्र धावला, टॉवेल त्या गालावर दाबून बसला आणि गाडी येईपर्यंत त्याने हात काढला नाही.

माझ्यातलं रेकॉर्डिंग कसं काढायचं, हे एकट्या मोबाइलवाल्यालाच माहीत. त्यानेच काढलं आणि त्यानेच कापलं. गर्दीतून वर आलेला हात, वस्तरा, रक्त, बस. टॉवेल गायब. सकाळपर्यंत ते गावभर फिरलं. "हात बघा. डावा आहे." आणि तिथे डावखुरा एकच.

पोलिसांच्या आधी लोक आले. त्यातले अर्धे डाव्याचीच गिऱ्हाइकं होती. त्यांनी त्याला केसांना धरून दारापर्यंत फरफटत नेलं, बरगड्यांत लाथा घातल्या. "मी टॉवेल धरला होता हो! मास्तरांना विचारा!" तो ओरडत होता. मास्तर दवाखान्यात होते, तोंड शिवलेलं. मालक एका कोपऱ्यात उभा राहून "अरे, नको रे" म्हणत राहिला. दोघांनी डाव्याचा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि तिसऱ्याने शटर खाली ओढलं. "हाच ना तो हात?" असं म्हणत त्याने ते पुन्हा वर केलं आणि पुन्हा ओढलं. हाडं मोडल्याचा आवाज इथपर्यंत आला. मला किंचाळता आलं असतं तर मी किंचाळलो असतो.

मग तपासाला इन्स्पेक्टर बाई आल्या. दवाखान्यात मास्तरांना भेटूनच आल्या होत्या. गावभर फिरलेलं ते रेकॉर्डिंग बघताना त्या थबकल्या. "टाके उजव्या गालावर आहेत. इथे रक्त डाव्या गालावर कसं?" त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, मग आरशाकडे. "हे सगळं उलटं आहे. हात उजवा आहे." मग त्यांनी जाणकार माणूस बोलावून माझ्यातलं अख्खं रेकॉर्डिंग काढून घेतलं; त्यात वस्तरा टाकून मागे सरणारा मोबाइलवाला दिसला. मोबाइलवाला आता कोठडीत आहे.

काल डाव्या परत आला. बोटं वाकडी जुळली आहेत. मास्तर मुद्दाम त्याच्या खुर्चीत बसले आणि शिवलेला गाल पुढे करून म्हणाले, "कर बाबा दाढी." डाव्याने वस्तरा उचलला. तो बोटांतून निसटून मास्तरांच्या मांडीवर पडला.

"दुसऱ्याकडून करून घ्या, मास्तर," तो म्हणाला आणि रडायला लागला.

"त्या मोबाइलवाल्याचे दोन्ही हात तोडायला हवेत," बाकावरून कुणीतरी म्हणालं. मी आरशात बघितलं. ज्याने शटर ओढलं होतं, तोच होता.

बाबांनो, मला उतरवा नाहीतर ठेवा, पण माझ्या भरवशावर कुणावर हात टाकू नका. मला ऐकू येतं, पण माझ्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज उतरत नाही. तुम्हाला तर कान होते. तो ओरडून सांगत होता.