नमुन्याबाहेरची वहिनी

घरात तिला सगळे फौजदार म्हणत. शाळेत असताना वाढदिवसाला रेकॉर्डर मिळाला आणि तिने घरातल्या चौघांना एकेक करून कपाटाच्या खोलीत बोलावून त्यांची उलटतपासणी घेतली. तेव्हा चिकटलेलं हे नाव पुढे निघालंच नाही. ती विज्ञानाची पदवीधर झाली, माणसं काय आणि कसं आठवतात याचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत लागली, पण दरवर्षीच्या मुलाखती काही चुकल्या नाहीत. तेच प्रश्न, तोच क्रम, तीच खोली, तीच डुगडुगणारी खुर्ची. बाबांनी एकदा खुर्चीच्या पायाला पाचर मारायला घेतली तर ही आडवी आली.

"परिस्थिती बदलायची नाही, बाबा."

"अगं, जन्मभर वजनकाटे दुरुस्त केलेत मी. डुगडुगणारं काही दिसलं की हात शिवशिवतात."

"मग वर्षातून एक दिवस हात खिशात ठेवा."

यंदा मात्र या पोरखेळाने बाळसं धरलं होतं. जुनी रेकॉर्डिंग ऐकताना तिला एक गंमत दिसली होती. पहिली कित्येक वर्षं सगळ्यांची उत्तरं म्हणजे नुसता सुका भुसा. "या वर्षी कशाची भीती वाटली?" यावर काकांचं उत्तर ठरलेलं, "भीती? छे!" आणि मग खोकला. पण गेल्या दोन वर्षांत हेच काका, निवृत्त बस कंडक्टर, रिकाम्या दुपारी घर खायला उठतं असं सांगू लागले. आईने पहिल्यांदाच कबूल केलं की तिला गाणं शिकायचं होतं. एकच प्रश्न चिकाटीने दरवर्षी विचारत राहिलं की माणूस आपोआप मोकळा होतो, असा सिद्धांत तिने मांडला. प्रयोगशाळेतल्या सरांनी पाठ थोपटली, शोधनिबंध परिषदेत स्वीकारला गेला. पुढच्या आठवड्यात तो वाचायचा होता. आयुष्यातला पहिलाच. फक्त यंदाच्या मुलाखती त्यात जोडायच्या बाकी होत्या.

दादाचं लग्न होऊन वहिनी घरात आली, त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं. दातांच्या दवाखान्यांसाठी ती कवळ्या बनवायची. काकांच्या तोंडातली तिच्याच हातची. पहिल्या वर्षी मुलाखतींच्या दिवशी तीही पदर खोचून खोलीबाहेर स्टुलावर येऊन बसली होती.

"फौजदारबाई, माझा नंबर कितवा?"

"तुझा नंबर नाही, वहिनी. नमुना पहिल्याच वर्षी ठरलाय. मधेच माणूस घुसवला की निष्कर्ष बिघडतात."

"मी घुसलेली का?"

"शास्त्रीय अर्थाने."

दादाला हसू दाबताना ठसका लागला. वहिनीने स्टूल उचलून आत नेलं. तेव्हापासून तिच्याकडे एकच काम आलं: मुलाखत चालू असताना मिक्सर लावायचा नाही आणि कुणाला लावू द्यायचा नाही.

तर यंदा पहिला नंबर काकांचा. खुर्ची डुगडुगली, रेकॉर्डर सुरू झाला.

"या वर्षी कशाची भीती वाटली?"

काकांनी घसा साफ केला. "यंदा मला माझ्याच आवाजाची भीती वाटली. दिवसभर कुणाशी बोललो नाही, आणि संध्याकाळी दूधवाल्याला हाक मारली तर आवाज परका वाटला. आणि दुसरं म्हणजे..." काका थांबले. छताकडे पाहिलं, बोटं मोडली. मग सरळ दाराकडे तोंड करून ओरडले, "सूनबाई! दुसरं काय ठरलं होतं गं आपलं?"

स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "जिन्याचं! जिना उतरतानाचं, काका!"

"हां, जिना," काका समाधानाने म्हणाले. मग पुतणीचा चेहरा पाहून त्यांना उमगलं आणि त्यांनी जीभ चावली, म्हणजे कवळीच चावली.

फौजदार रेकॉर्डर तसाच चालू ठेवून स्वयंपाकघरात थडकली.

"वहिनी, तू त्यांना पढवतेस?"

"पढवत नाही गं." वहिनीच्या हातातली सुरी थांबली. "पहिल्या वर्षी आदल्या दिवशी काका इथे येऊन बसले. म्हणाले, दरवर्षी नापास झाल्यासारखं वाटतं, काही सुचतच नाही. मी भाजी चिरत होते. नुसतं 'मग?' म्हटलं. त्यावर ते तासभर बोलले. मी म्हटलं, हेच सांगा की उद्या."

"फक्त काका?"

आई ओट्यावरचा न सांडलेला चहा पुसू लागली. बाबांनी हात खिशात घातले. दादा म्हणाला, "मी तर तिच्याच खोलीत राहतो. मी कसा सुटणार?"

"म्हणजे माणसं आपोआप मोकळी झालीच नाहीत," फौजदार मटकन बसली. "माझा सिद्धांतच गेला."

"तुझ्या सरांना कुठे कळणार आहे?" मागोमाग आलेल्या काकांनी दिलासा दिला. "मी तोंड उघडणार नाही."

"मला कळलंय ना, काका."

तिने तिथेच सरांना फोन लावला आणि झालं ते जसंच्या तसं सांगितलं. मग सरांनी विचारलं, "त्या वहिनींचं रेकॉर्डिंग आहे?"

"नाही, सर."

"का?"

फौजदारने वहिनीकडे पाहिलं. शास्त्रीय अर्थाने दिलेलं ते उत्तर आता तिच्या जिभेवर येईना. "घेतलंच नाही, सर," ती म्हणाली. निबंध मागे घ्यायचं ठरलं. फोन ठेवल्यावर सगळे एखादी किमती बरणी फोडल्यासारखे उभे.

"चल, वहिनी," ती उठली. "खुर्चीत बस."

"आणि निष्कर्ष?"

"ते केव्हाच बिघडलेत. चल."

वहिनी बसली. रेकॉर्डर सुरू झाला. यादीतलाच प्रश्न आला: "या वर्षी घरात तू सगळ्यात जास्त कोणाशी बोललीस?"

वहिनीने तोंड उघडलं आणि मिटलं. चौघांना शब्द सुचवणारी बाई स्वतःच्या पाळीला पाटी कोरी घेऊन बसली. "सगळे माझ्याशी बोलतात गं," ती हळूच म्हणाली, "पण मी..."

"माझं नाव घे, सूनबाई!" दाराबाहेरून काका.

"अहो, गप्प बसा, तिला सुचू द्या," आई.

"दोघंही हळू बोला, रेकॉर्ड होतंय," बाबा, सगळ्यांत मोठ्याने.

फौजदारने दार उघडून चौघांना डोळे वटारून दाखवले आणि पुन्हा लावून घेतलं. गोंधळ ऐकून हसू लागलेली वहिनी तोवर थांबली होती.

"सगळ्यात कमी कोणाशी, ते सांगता येईल," ती म्हणाली. "तुझ्याशी."

"प्रश्न तो नव्हता."

"माहीत आहे. पण माझं उत्तर ते आहे."

विषय सोडून उत्तर आलं की फौजदार रेकॉर्डर थांबवायची आणि प्रश्न पुन्हा वाचायची. पद्धतच होती तशी. तिचं बोट बटणापर्यंत गेलं. मग तिने हात मागे घेतला आणि खुर्ची सरकवून थोडी जवळ बसली.

"का गं कमी? राग आला होता तुला माझा?"

दाराबाहेर एकदम खळबळ उडाली.

"ऐकलंत का?" काकांचा दुखावलेला आवाज आला. "हा प्रश्न नवा आहे! इतक्या वर्षांत आपल्याला एकदा तरी विचारला का?"