गप्प बसल्यावर उघडणारी पेटी

वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेत आमच्या शेजारी मोतीलालकाकांचं कापडाचं दुकान आहे, आणि तिथं त्यांच्याशिवाय कुणाला बोलायला मिळत नाही. गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत ते साड्यांचा ढीग उलगडून बसतात. धंद्यात हे खपून जातं. पोरीच्या बाबतीत मात्र त्यांनी सगळा घोळ करून ठेवला होता.

त्यांची मुलगी मयुरी बोरच्या जंगलात वनरक्षक आहे. तिच्या कॅम्पवर मोबाईलला रेंज नाही, नुसता वायरलेस. कधी जवळच्या सेलू गावात उतरली की फोन करायची, पण "बाबा, मी काय म्हणते" एवढंच बोलून व्हायचं. पुढे काका एकटेच सुरू: वाघ, साप, लग्न. शेवटी ती चिडून फोन ठेवायची. आता काकांनी अर्जविनंत्या करून तिच्यासाठी वर्ध्यातच वनखात्याच्या ऑफिसातली जागा जमवली होती. हो की नाही, हे तिला उद्यापर्यंत कळवायचं होतं. तिला जंगल सोडायचं नव्हतं आणि वडिलांनाही तोडायचं नव्हतं. हे ती मला केव्हाच सांगून मोकळी झाली होती. काकांना ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी ऐकलंच नव्हतं. मला तर या माणसाचा भयंकर राग यायचा.

मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. जंगलाच्या कंट्रोल रूमसाठी मी वायरलेस आणि टेलिफोन जोडणारी एक पेटी बनवून दिली होती. टेलिफोनवर दोघं एकदम बोलू शकतात, भांडूही शकतात. वायरलेसवर एका वेळी एकच. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. दुकानात बसलेला माणूस कंट्रोल रूममधलं बटण कसं दाबणार? ते काम पेटी करते. टेलिफोनवर आवाज आला की दाबते, आवाज थांबला की सोडते. मगच जंगलातला आवाज इकडे येतो.

त्या दुपारी कंट्रोल रूममधून तिथले ऑपरेटर हरिभाऊ यांनी दुकानात फोन लावला. मी मुद्दाम हजर होते. मयुरी लाईनवर आहे म्हणताच काका सुटले. बऱ्याच वेळानं दम घ्यायला थांबले.

"हॅलो? पोरगी बोलत काऊन नाई?"

मी रिसीव्हर घेतला. हरिभाऊ वैतागलेले. "लीनाबाई, तुमची पेटी बटण सोडूनच नाई राह्यली!"

माझी पेटी? माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात वर लक्ष गेलं. काकांचा जुना पंखा खडखड करत होता. काका थांबले तरी तो बोलतच होता. मी खटका बंद केला.

"अवं, मे महिना हाये! जीव घेतं का?"

"काकाजी, इकडं आवाज झाला का तिचं बोलणं बंद. 'हं' बी म्हणायचं नाई."

काकांनी माझ्याकडे रागानं पाहिलं, गळ्यातल्या दुपट्ट्याचं टोक तोंडात कोंबलं आणि रिसीव्हर कानाला लावला. बाजूला मलाही ऐकू येत होतं.

"बाबा, मले ऑफिसात नाई जायचं. सुरुवातीले लय भेव वाटे, रडू ये. तुमाले सांगतलं नाई. आता माग पाहून वाघीण कुठं गेली, पिल्लं संग हायेत का, समदं समजते. इथं मी सांगतलं का लोक आइकतात, बाबा. पण तुमचं मन मोडून नाई राहायचं मले. तुमी हो म्हणा. ओव्हर."

काकांनी दुपट्टा तोंडातच ठेवला. कपाळावरून घाम ओघळत होता, डोळ्यांतूनही काहीतरी.

"बाबा? राग आला का?"

त्यांनी दुपट्टा काढला. "राग नाई, बेटा. आइकून राह्यलो." दुपट्ट्यानं घाम पुसला. "ऑफिसवाल्याईले नाई म्हणून कळवून दे. मीच येतो तिकडं. तुह्या आईले शेव कराले सांगतो, तुले आवडते ना, मागच्या दिवाळीले तं..."

आणि ते मध्येच थांबले. आपणहून थांबलेले मोतीलालकाका मी जन्मात पाहिले नव्हते. "तू बोल," एवढं म्हणून त्यांनी दुपट्टा परत तोंडात घातला.

पलीकडून मयुरी हसली आणि बोलायला लागली. तेवढ्यात एक बाई साड्या पाहायला दारात आल्या. काकांनी तोंडातून चकार शब्द न काढता त्यांना हातानंच थांबायला सांगितलं.