साखर कुणाकडची?

आमच्या घरात कुणाचं काही बिघडलं की ते आईच्या माहेराहून आलेलं असतं. माझं नाक, माझा राग, माझे सपाट तळवे, सगळं तिकडचं. डोळे चांगले आहेत, ते मात्र बाबांकडचे, राकेतिचांचे. त्यामुळे चौदाव्या वर्षी मी शाळेत चक्कर येऊन पडले, रक्तात साखर सापडली आणि इन्सुलिन सुरू झालं, तेव्हा कोसारा आत्याला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

"ग्वोज्देनकडे बघा की," ती म्हणाली. "नुसतं पिंप. त्या घराण्यात खाण्याशिवाय दुसरं केलंय काय कुणी?"

ग्वोज्देन माझा मामा. तो पिंपासारखा आहे हे खरं. तीन माणसांचं जेवतो आणि वर गातो.  आई एवढंच करायची, की आत्याला सार्मा, म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा, वाढताना पातेल्यातला सगळ्यात लहान गुंडाळा शोधून वाढायची. बाबा, म्हणजे ओब्राद राकेतिच, अशा वेळी खिडकीबाहेर बघायचे. बाहेर त्यांना काय दिसायचं देव जाणे, कारण खिडकीसमोर गोठ्याची भिंत आहे.

मी सुयांची सवय करून घेतली. वाल्येवोच्या बालवाडीत नोकरी लागली तेव्हा पोरांना सांगून टाकलं की इस्क्राताईला जेवणाआधी पेट्रोल भरावं लागतं. पोरांना पटलं. मोठ्यांना पटवणं जड जायचं. प्रत्येकाकडे एक तरी काढा असायचा. आणि खरं सांगायचं तर सवय झाली म्हणजे आवड निर्माण झाली असं नाही. प्रत्येक घासाचा आधी हिशेब मांडायचा, चुकला तर हातपाय थरथरायचे, घाम फुटायचा. पोरांना घेऊन नदीवर जायची मला भीती वाटायची.

गेल्या शरदात बेलग्रेडला नव्या डॉक्टर भेटल्या, अंजेलिया नावाच्या. माझी फाईल त्यांनी उलटसुलट चाळली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"इतक्या वर्षांनीसुद्धा तुझं शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवतंय," त्या म्हणाल्या. "एव्हाना ते थांबायला हवं होतं. एक दुर्मीळ मधुमेह असतो, त्यात एकच जनुक बिघडलेलं असतं. तो आईकडून किंवा बापाकडून थेट पोरांकडे उतरतो. तुझा तो निघाला, तर इंजेक्शनं सुटायची बरीच शक्यता आहे. छोट्या गोळीवर भागेल."

"मग काढा की रक्त, आत्ताच."

"रक्त परदेशी पाठवावं लागतं. आणि सरकारी विम्याची समिती पाठवू देते ती घरात वरच्या पिढीला साखर असली तरच. तुझ्या आईबापांपैकी एकाला असायला हवी. घरी विचार."

घरी विचारलं. आई दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात जाऊन तपासून आली. तिची साखर अगदी छान निघाली. बाबा म्हणाले, "मी? मी आयुष्यात डोकेदुखीची गोळी घेतली नाही." आत्या फोनवर हसलीच. "अगं, राकेतिचांत एक तरी जाडा दाखव! साखर लठ्ठांना होते. तुझे आजोबा कसे होते? काठी!"

आजोबा काठी होते खरे. त्यांच्या पायाची बोटं शेवटी कापावी लागली होती. ती डोंगरातल्या थंडीनं गेली असं सगळे सांगायचे. कुठल्या हिवाळ्यात गेली, ते मात्र कुणालाच आठवत नव्हतं.

मग मित्रोव्दान आला. आमच्या घराच्या संताचा दिवस, आमची स्लावा. त्या दिवशी कुणाला बोलवावं लागत नाही, ज्याला यायचं तो येतो आणि यजमान दिवसभर उभा राहून वाढतो. दारात तबक घेऊन मी उभी होते. पाहुण्यानं यायचं, आलुबुखारच्या मुरांब्याचा एक चमचा तोंडात घालायचा, वर घोटभर पाणी प्यायचं, चमचा पेल्यात टाकायचा आणि आत जायचं. शेजारी आले, दोन घोट प्यायले, गेले. मामा आला, चमचा असा भरला की बरणी हादरली, पण पाणी त्यानंही अर्धंच प्यायलं.

मग आत्या आली. एक पेला गटागटा संपवला. "अजून एक दे गं." तो संपवला. "अजून एक." ओठ पुसत ती दरवर्षीचं वाक्य बोलली, "आपल्या विहिरीचं पाणीच असं आहे. पीतच राहावंसं वाटतं!"

आमच्या विहिरीची तशी ख्यातीच होती. राकेतिच माणूस जेवायला बसला की शेजारी सुरई लागते, अख्ख्या गावाला ठाऊक. तेवढ्यात बाबा राकियाची, घरच्या फळांच्या दारूची, बाटली घेऊन घाईघाईनं जवळून गेले आणि जाता जाता तबकातला एक पेला उचलून रिकामा करून ठेवला. मी तबकाकडे बघत राहिले. बाहेरून आलेल्या सगळ्यांचे पेले अर्धे भरलेले होते. रिकामे होते ते फक्त राकेतिचांचे.

शाळेत पडले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मीही साखरेच्या तहानेनं सुरईच्या सुरई रिचवत होते. तेव्हा आत्यानं कौतुकानं माझा गालगुच्चा घेतला होता. "ही खरी राकेतिच!"

मी तबक तिथंच कपाटावर ठेवलं आणि पर्समधून माझं साखर मोजायचं यंत्र काढलं.

जेवणं आटोपली होती. डुकराचं भाजलेलं मांस, सार्मा, तीन थरांचा केक, सगळं पोटात गेलेलं. आत्याला मी गोडीत विचारलं. ती उसळलीच.

"मला? साखर? सणाच्या दिवशी बोट टोचतेस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"आत्या, मुंगी चावल्यासारखं होतं. मी रोज टोचते."

"तू टोचतेस कारण तुझं आजोळ..."

ती थांबली, कारण मामानं आपला पंजा मेजावर आपटला होता. "घे गं पोरी, माझं बोट घे. आजोळाचा पंचनामा होऊनच जाऊ दे एकदा. जाड आहे जरा, सुई पुरते का बघ."

आमच्याकडच्या मापात जेवणानंतर आठच्या आत आकडा असला की काळजी नसते. मामा साडेपाच निघाला! केकचे चार तुकडे खाऊन साडेपाच. मामानं उठून मेजाला वाकून नमस्कार केला, नटासारखा. आईनं हातातला टॉवेल तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

आता मात्र आत्याची पंचाईत झाली. सोयऱ्यांपुढे हरणं राकेतिचांच्या रक्तात नाही. तिनं बाही वर सारली, बोटासाठी बाही सारायची काहीच गरज नव्हती, आणि म्हणाली, "टोच. माझी चार येईल."

मी नवी सुई घातली. आकडा आला चौदा.

"यंत्र बिघडलंय," आत्या म्हणाली.

"मग दुसरं बोट द्या, कोसाराबाई," मामा म्हणाला. "यंत्राला पुन्हा संधी द्या."

दुसऱ्या बोटाला चौदाच्याही वर गेला. आत्या खुर्चीत टेकली आणि तिनं वर सारलेली बाही खाली ओढली. पण अजून काम झालं नव्हतं. आत्या म्हणजे आई नव्हे, बाप नव्हे. समितीला बाप हवा होता.

"बाबा," मी म्हटलं.

बाबा दारात बाटली धरून उभे होते. "मला वेळ नाही. आज यजमान बसत नाही, तुला ठाऊक आहे."

"उभ्यानंच द्या बोट."

"पाहुणे खोळंबलेत, इस्क्रा."

"पाहुणे मजेत आहेत," मामा म्हणाला.

"ओब्राद," आई म्हणाली. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "बैस."

आणि माझे बाबा आपल्या स्वतःच्या स्लावाला, सगळ्या पाहुण्यांसमोर खुर्चीत बसले. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं क्रूसाची खूण केली. मी बाबांचं बोट धरलं. जाड कातडीचं, सुताराचं बोट. ते गार पडलं होतं.

आकडा आला बारा.

"बारा!" मी ओरडले. "बाबा, बारा! बारा आली!" मी त्यांचा गळाच आवळला. लॉटरी लागल्यावर सुद्धा माणूस इतका नाचत नसेल. सगळे पाहुणे चकित होऊन बघत होते, कारण साखर वाढली म्हणून आनंदानं उड्या मारणारं घर त्यांनी आधी पाहिलेलं नव्हतं. पण बाबा हसत नव्हते.

"मला ठाऊक होतं," ते हळूच म्हणाले. "मागे गाडीच्या परवान्यासाठी रक्त घेतलं होतं. डॉक्टर म्हणाला, पुन्हा येऊन दाखवा. मी गेलो नाही. मला वाटलं, माझ्यात निघाली तर या पोरीला मीच दिली असं होईल. इतक्या सुया... मी दिल्या असं होईल."

"आणि माझ्या माहेरानं दिल्या असं झालं तर चालत होतं?" आईनं टॉवेल खांद्यावर टाकला. "इतकी वर्षं माझा भाऊ या घरात मान खाली घालून जेवला!"

"मी?" मामा म्हणाला. "मी डोळे मिटून जेवतो, ताई. चव जास्त लागते."

सगळे हसले, आईसुद्धा. मला बाबांचा राग आला होता, चांगलाच आला होता, पण आनंद त्याहून मोठा होता. त्या संध्याकाळी आत्यानं भांडी घासली. आमच्या घरात ती माफी समजली जाते. आईनं तिला तिसऱ्यांदा घासायला लावलेली कढई मला स्वच्छच दिसत होती.

वसंतात उत्तर आलं. मी, बाबा, आत्या, तिघांत तेच एक बिघडलेलं जनुक. डॉक्टर अंजेलियांनी मला रुग्णालयात ठेवून घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत इन्सुलिन कमी कमी करत बंद केलं, गोळी सुरू केली. सुई न घेता पहिली न्याहारी केली तेव्हा माझा हात सवयीनं दोनदा पोटाकडे गेला. आकडा सहा आला. मी नर्सचा मुका घेतला.

बाबांना आणि आत्यालाही गोळी मिळाली. आत्यानं तर ते बिरुदासारखंच मिरवायला घेतलं. "आमचा मधुमेह साधासुधा नाही," ती बाजारात सांगते. "दुर्मीळ आहे. ग्वोज्देनसारख्यांना होतच नाही." बाबा मात्र उतरलेलेच राहिले. रोज फोन करून विचारायचे, "किती आली?" मी आकडा सांगायची, तो चांगलाच असायचा, तरी ते म्हणायचे, "हं. माझ्यामुळे." त्यांना काय समजवायचं ते सगळं समजवून झालं. गोळी हातात आली तीही त्यांच्या बोटामुळेच, हेही सांगून झालं. ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

यंदाचा मित्रोव्दान उजाडला. पाद्रीबाबा पाव मोडायला आले. स्लावाचा गोल पाव यजमान आणि पाद्री मिळून हातात धरतात, फिरवतात, वर वाइन ओततात आणि मोडतात. बापाचं वय झालं की मुलगा शेजारी उभा राहून हात लावतो, कारण संत बापाकडून मुलाकडे जातो. मुली लग्न करून नवऱ्याच्या संताकडे जातात. बाबांना मी एकटी.

"ओब्राद, आता मनावर घे," पाद्रीबाबा म्हणाले. "पलीकडच्या गावातला तुझा चुलतपुतण्या आहे, स्लावा त्याच्या नावे कर. नाहीतर तुझ्याबरोबर संत या घरातून उठायचा."

बाबांनी पाव हातात घेतला होता. तो घेऊन ते माझ्याकडे वळले.

"इस्क्रा, इकडे ये. धर."

"मुलगी?" पाद्रीबाबांच्या भुवया वर गेल्या.

"पाद्रीबाबा, माझं जे आहे ते हिच्याकडेच जातं," बाबा म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात हसू होतं. "मी नको नको म्हणत होतो, तरी गेलं. चुलतपुतण्याकडे नाही गेलं. बेलग्रेडहून तसं लेखी आलंय."

मामा खोकल्यासारखा हसला. आत्या ताठ उभी राहिली. मी पुढे होऊन पाव धरला. पाद्रीबाबांनी एकदा बाबांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे आणि मग म्हणाले, "बरं, दोन्ही हातांनी धर." आम्ही तिघांनी तो फिरवला, मोडला. मोठा तुकडा बाबांच्या हातात राहिला. त्यांनी तो मला दिला आणि मी कसलाही हिशेब न मांडता तिथंच उभ्यानं खाल्ला.