दुसऱ्या कंपनीची मोटर

लंडनला, म्हणजे आपल्या कॅनडातल्या, ओंटारिओतल्या लंडनला, त्या जानेवारीत हाडं गोठवणारी थंडी पडली होती. ट्रेसीच्या घरातला, घर गरम ठेवणारा फर्नेस नेमका तेव्हाच बंद पडला. त्यातली गरम हवा घरभर ढकलणाऱ्या ब्लोअरची मोटर जळाली होती आणि कंपनीची मोटर यायला तीन आठवडे लागणार होते. शेजारच्या जनार्दन अंकलनी दुसऱ्या कंपनीची मोटर आणून बसवली. घर पुन्हा उबदार झालं.

पुढच्या रविवारी ट्रेसी आणि तिचे वडील ट्रेव्हर चर्चमधून मिस्सा आटोपून आले, तर घर गार. थर्मोस्टॅटवर लाल अक्षरं होती : ‘अनधिकृत भाग आढळला. यंत्रणा बंद.’

अंकलनी खाली जाऊन पाहिलं. "मोटर उत्तम आहे गं. कंपनीच तिला सुरू होऊ देत नाहीये. वायफायवरून अपडेट आलं असणार."

ट्रेसीने हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडचा मुलगा फार गोड बोलत होता.

"तुमच्या सेफ्टीसाठीच आहे, मॅम. ओरिजिनल पार्ट बसवला की आपोआप चालू होईल."

"तो तुमच्याकडेच नाहीये! तोवर लॉक तरी काढा. माझे वडील ब्याऐंशीचे आहेत."

"ते आमच्या हातात नाही, मॅम."

"मग कुणाच्या हातात आहे?"

थँक यू म्हणून त्याने फोन ठेवला.

तिने किचनमध्ये छोटा हीटर लावला. ट्रेव्हर कोट घालून त्याच्यापुढे बसले. "मी घर सोडणार नाही," म्हणत राहिले. संध्याकाळी त्यांचे ओठ निळसर दिसू लागले, तेव्हा ट्रेसी त्यांना धरून अंकलकडे घेऊन आली. घाईत पाण्याचा मेन व्हॉल्व्ह बंद करायचा राहिला.

सकाळी ती परतली तेव्हा किचनमागचा पाइप गोठून फुटला होता. भिंत फुगली होती, आणि वसईहून आणलेल्या क्रुसाखाली जमिनीवर बर्फाचा थर चमकत होता. तिने दार ओढून घेतलं आणि ती अंकलकडे आली.

अंकलच्या पत्नी सुरेखा आंटींनी सगळ्यांना गरम पेज वाढली. ट्रेव्हर वाटीभोवती हात धरून बसले होते.

"जनार्दन, तुमचा फर्नेस पण त्याच कंपनीचा ना?" त्यांनी विचारलं.

आंटींनीच हळूच सांगितलं, "त्यात पण ह्यांनी बाहेरचीच मोटर टाकलीय. मागच्या विंटरला."

अंकल उठून बेसमेंटमध्ये गेले. वायफायचा दिवा विझला. जमिनीतल्या जाळीतून अजून गरम हवा येत होती, आणि सगळे त्या जाळीकडे बघत होते.

आंटी उठल्या. आतून सगळ्यांचे कोट आणून त्यांनी सोफ्यावर ठेवले.